नळीचं दुसरं टोक

मिस्त्रीला गावात सगळे 'ओळंबा' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे की नाही ते पाहायला दोरीला टांगतात ते वजन. मिस्त्री स्वतःही तसाच होता. ताठ, जड, आणि कुणाच्या सांगण्याने न हलणारा. चाळीस वर्षं त्याने भिंती बांधल्या आणि त्यातली एकही सूतभर कललेली नाही, हे तो कुणी न विचारता सांगायचा. टोपणनाव त्याला माहीत होतं, मनातून आवडायचंही. पण आवडतं म्हणून कबूल करेल तो मिस्त्री कसला?

त्या वर्षी पावसाळा संपला होता. हवेत गारवा आला होता, लोकांनी छत्र्या माळ्यावर टाकल्या होत्या, आणि अशा वेळी पूर आला. वादळ आलं, दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला आणि नदी खालच्या गल्लीत शिरली. तीन दिवसांनी ओसरली. माणूस कुणी दगावलं नाही, पण घराघरांत गुडघाभर गाळ साचला.

मग सुरू झाल्या पुराच्या बढाया. ज्याचा त्याचा पूर शेजाऱ्याच्या पुरापेक्षा उंच. एकजण म्हणाला, पाणी पंख्याला लागलं. त्याच्याच भिंतीला भिंत असलेला म्हणाला, माझ्याकडे कमरेएवढं होतं. नगरपालिकेच्या इंजिनिअरबाईंचं डोकं फिरायची पाळी आली. हवामान खातं आणखी एक वादळ येणार म्हणून सांगत होतं, आणि त्या वेळी घरात कुणाला राहू द्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं हे ठरवायला एक खरी रेघ हवी होती. पंपहाऊसच्या दगडी खांबावर पुराची खूण पक्की उमटली होती. तिथून लेव्हल काढत काढत प्रत्येक घरावर लाल रेघ मारायची, आणि ज्यांची झोपायची खोली रेघेच्या तीन पायऱ्या तरी वर असेल त्यांनी राहायला हरकत नाही, असं ठरलं. काम मिस्त्रीकडे आलं. ओळंबा सख्ख्या भावाच्या घरावरही बोटभर इकडचं तिकडे करायचा नाही, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

लेव्हल काढायला मिस्त्रीकडे एक लांब पारदर्शक नळी होती. तिच्यात स्वच्छ पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक ठाऊक असलेल्या खुणेपाशी एकाने धरायचं, दुसरं टोक नव्या भिंतीपाशी दुसऱ्याने. मध्ये भिंत असो, जिना असो, अख्खं घर असो, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. माणसं खोटं बोलतात, पाणी बोलत नाही, असं गवंडी म्हणतात. बहुतेक वेळा दोघं एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून ओरडून विचारायचं, "थांबलं का?" पलीकडचा आपल्या टोकातलं पाणी खुणेवर स्थिर झालेलं पाहून म्हणतो, "थांबलं." झालं नसेल तर म्हणतो, "नाही अजून." एवढ्या दोन-चार शब्दांवर गावातली निम्मी घरं उभी होती.

ज्या म्हाताऱ्या वस्तादाकडे मिस्त्री हे काम शिकला त्याचा एक दंडक होता. पलीकडचा माणूस दिसत नसेल तर आधी त्याला नावाने हाक मारायची, त्याने ओ दिली की मगच विचारायचं. विशीतल्या मिस्त्रीने एकदा विचारलं होतं, रोज तोच तर माणूस असतो, मग हाक कशाला? वस्ताद म्हणाला, "टोक कुणी धरलंय ते कळायला नको?" मिस्त्रीला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं, पण सवय लागली ती लागलीच.

मिस्त्रीची लेक लहान असताना सुटीत त्याच्याबरोबर कामावर यायची. तिची आई लवकर गेली, मग पोरीला घरी ठेवणार कुणापाशी? आठ वर्षांची ती पोर दोन्ही हातांनी नळीचं टोक धरून उभी राहायची आणि बापाला छळायला, पाणी थांबलेलं असतानाही, "नाही अजून, नाही अजून" म्हणत राहायची. मिस्त्री खोटं खोटं रागवायचा. आता त्या लेकीला चार महिन्यांची मुलगी होती आणि ती खालच्या गल्लीत राहायची.

घर जावयाचं, पण बांधलेलं मिस्त्रीने. खाली एक खोली, नऊ पायऱ्यांचा जिना, वर एक खोली. पुराचं पाणी पाचव्या पायरीला टेकून मागे फिरलं होतं, असं लेकीने स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं. वरची खोली कोरडी राहिली. तरी गाळ निघेपर्यंत तिघंही वरच्या आळीला मिस्त्रीकडे येऊन राहिली होती. नातीच्या दुपट्यांनी मिस्त्रीचं घर भरून गेलं होतं, आणि पुराला दुवा द्यावा की काय असं त्याला कधी कधी वाटायचं.

जावई लिफ्टचा मेकॅनिक. गावात दोन मजल्यांच्या वर इमारत नाही आणि या पठ्ठ्याला धंदा सुचला लिफ्टचा, असं मिस्त्री चारचौघांत म्हणायचा. आता त्याला शहरात नोकरी चालून आली होती. सहा तासांचा प्रवास. लेक तिकडे गेली की नात वर्षातून दोनदा दिसणार, हे मिस्त्रीला स्वच्छ कळत होतं. लेकीचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. "वरची खोली सुरक्षित असेल तर इथेच राहू," ती म्हणाली होती, "नसेल तर जाऊ." म्हणजे सगळं रेघेवर अडलं होतं.

"आमच्या घराच्या वेळी दुसरं टोक मी धरतो, मामा," जावई म्हणाला.

मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. कारण नळीत लबाडी करायची तर ती दुसऱ्या टोकालाच करता येते. पाणी खुणेच्या हातभर वर असताना नुसतं "थांबलं" म्हणायचं, की इकडे रेघ हातभर वर पडते. रेघ वरच्या खोलीत गेली की घर राहण्याजोगं नाही असा शिक्का, आणि जावयाला शहराचा रस्ता मोकळा. मिस्त्री बघू या म्हणाला, आणि रात्रभर त्याला धड झोप लागली नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला काम सुरू झालं. शेजारच्या शिंपीणबाईंच्या बाहेरच्या भिंतीवर आदल्या दिवशीच रेघ पडली होती. तिथे जावई उभा राहिला. नळी खालच्या खिडकीतून आत घेतली आणि मिस्त्री आपलं टोक घेऊन जिन्यापाशी आला. घरात गाळाचा आंबूस वास भरून होता. इथून जावई दिसत नव्हता, खिडकीचा एक तुकडा तेवढा दिसत होता.

आता हाक मारायची होती. पण जावयाला नावाने हाक मारायची पद्धत नाही, आणि 'जावईबापू' म्हणून आरती ओवाळायची त्या दिवशी मिस्त्रीची तयारी नव्हती. त्याने टोकावरचा अंगठा काढला आणि नुसतंच ओरडला, "थांबलं का?"

"नाही अजून," बाहेरून आलं.

पाणी नळीतून उतू जाऊन त्याच्या मनगटावर आलं. त्याने पटकन टोक वर उचललं. पाचव्या पायरीच्या उंचीला धरलं, तरी पाणी काठावरच. सहावी पायरी. सातवी. पाणी बर्फासारखं गार होतं, सकाळी त्याने स्वतःच्या नळाचं भरलं होतं तरी.

"थांबलं का?"

"नाही अजून."

तो नववी पायरी चढून वरच्या खोलीत आला. टोक खिडकीच्या खालच्या कडेला धरलं, मग वरच्या. शेवटी भिंतीवरच्या फळीखाली वीतभर अंतरावर पाणी नळीत डचमळलं आणि स्थिर झालं.

"थांबलं," बाहेरून आलं. या वेळी त्याने विचारलंही नव्हतं.

हाताच्या सवयीने मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढून तिथे बारीक खूण केली आणि तरातरा खाली गेला. पाचव्या पायरीपासून फळीपर्यंत, म्हणजे पुरुषभर उंचीहून जास्त. लबाडी करायची तर माणसाने निदान पटेल एवढी करावी.

शिंपीणबाईंच्या भिंतीपाशी कुणीच नव्हतं. नळीचं टोक खिळ्याला नीट अडकवलेलं होतं आणि त्यात लाकडी बूच बसवलेलं होतं. जावई गल्लीच्या टोकाकडून येत होता. एका बाजूने त्याने आणि दुसऱ्या बाजूने शिंपीणबाईंनी शिलाई मशीन धरलं होतं.

"झालं का मामा?" तो धापा टाकत म्हणाला. "तुम्ही हाक मारली नाहीत, म्हटलं तुमची अजून तयारी चाललीय. बूच लावून जरा यांना हात द्यायला गेलो."

"आणि 'नाही अजून' कोण म्हणत होतं?"

"मी नाही."

"हे मघापासून माझ्याबरोबर आहेत हो," शिंपीणबाई म्हणाल्या.

त्या म्हणणारच. जावयाने त्यांचं मशीन चिखलातून काढून तेलपाणी करून दिलं होतं, गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. मिस्त्रीने बूच हलवून पाहिलं. घट्ट होतं. एक टोक बुचाने बंद असेल तर नळीतलं पाणी थेंबभरही सरकत नाही, हे त्याला जावयापेक्षा जास्त कळत होतं. म्हणजे बूच मागाहून लावलं. आवाज जावयासारखा नव्हता, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. पण तो पुरुषाचा होता की बाईचा, हे त्याला आठवून सांगता येईना, आणि आवाज काय, कुणीही बदलू शकतं.

दुसऱ्या दिवशी त्याने जावयाला न कळवता इंजिनिअरबाईंनाच टोक धरायला उभं केलं. "इंजिनिअरबाई!" अशी हाक मारली, त्यांनी ओ दिली. "थांबलं का?" "थांबलं." पाणी पाचव्या पायरीच्या कडेला, सुतालासूत. मिस्त्रीने लाल रंगात ब्रश बुडवला आणि तिथे अशी जाडजूड रेघ मारली की आंधळ्यालाही दिसावी.

त्या आठवड्यात लेक आपल्या घरी परतली. मिस्त्रीने स्वतः पाळणा डोक्यावर वाहून नेला आणि वरच्या खोलीत खिडकीखाली ठेवला. पेन्सिलीची खूण त्याच्या बरोबर वर होती, पण ती पुसायचं त्याला सुचलं नाही. निघताना त्याने लेकीला बाजूला घेतलं.

"नवऱ्यावर जरा नजर ठेव."

"बाबा, असलं काही माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मिस्त्री तसाच चालू लागला. आपण जिंकलो असं त्याला वाटायला हवं होतं, पण तसं वाटत नव्हतं.

आठ दिवसांनी दुसऱ्या वादळाची खबर पक्की झाली. परवा दुपारपर्यंत येणार. खालची गल्ली रिकामी होऊ लागली. शिंपीणबाई कुलूप लावून बहिणीकडे गेल्या. लाल रेघेच्या वर ज्यांच्या खोल्या होत्या त्यांना राहायची मुभा होती, आणि गल्लीत असं घर एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री लेकीकडे गेला. पाऊस नव्हता. आभाळ शिशाच्या रंगाचं होऊन खाली आलं होतं आणि वारा पडला होता. वरच्या खोलीत लेक फडक्याने भिंत पुसत होती.

"ओल आलीय थोडी," ती म्हणाली. "रोज सकाळी असते. पुसली की दुपारपर्यंत वाळते."

मिस्त्रीने भिंतीला हात लावला आणि काढून घेतला. चाळीस वर्षांत त्याने ओलीचे सगळे प्रकार पाहिले होते. छतातून उतरते ती ओघळांनी उतरते, जमिनीतून चढते ती नकाशासारखी वेडीवाकडी चढते. ही ओल जमिनीपासून फळीच्या वीतभर खालपर्यंत होती आणि तिथे दोरी धरून आखल्यासारखी संपत होती. चारी भिंतींना, खिडकीच्या चौकटीवरून, दाराच्या वरून, एका उंचीला. वरचा गिलावा खडखडीत कोरडा. त्याने पेन्सिलीची खूण शोधली. ती बरोबर त्या कडेवर होती.

त्याने बोटं नाकाशी नेली. नदीच्या गाळाचा वास होता.

"हे म्हणतात, आजच निघू या," लेक फडकं पिळत म्हणाली. "मी म्हटलं, बाबांची रेघ पाचव्या पायरीला आहे. बाबांची रेघ आजवर चुकली नाही."

 तेवढ्यात जावई जिना चढून आला. हातात दोन बॅगा होत्या.

"मामा, आज तरी ऐका. वर रस्त्यावर गाडी उभी केलीय. दहा मिनिटं लागतील."

"भिंती कोण भिजवतं रोज?" मिस्त्रीने विचारलं.

"म्हणजे?"

"बादलीने भिजवता की फडक्याने? एवढी सरळ कड काढायला दोरी लागली असेल."

जावयाने बॅगा खाली ठेवल्या. तो चिडेल असं मिस्त्रीला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा नुसता थकलेला दिसला. "काढा परत लेव्हल," तो म्हणाला. "मी इथे तुमच्यासमोर उभा राहतो. जागचा हलत नाही. माझं काही असेल तर दिसेलच."

मिस्त्रीला तेच हवं होतं. त्याने घरून नळी आणली, भरली, दिव्यासमोर धरून बुडबुडा नाही याची खात्री केली. शिंपीणबाईंच्या भिंतीपाशी जाऊन टोक खिळ्याला अडकवलं आणि बूच दगडाने ठोकून बसवलं. हे फक्त जावयाची खोड मोडायला. टोक बंद आहे, पाणी हलणार नाही, बाहेर कुणी नाही, उत्तर येणार नाही. मग म्हणता येईल, पाहिलंत? गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. आत येऊन त्याने दाराला कडी घातली.

तो पाचव्या पायरीवर, लाल रेघेपाशी उभा राहिला. जावई सातव्या पायरीवर. लेक वर दारात, पोर खांद्यावर.

हाक मारायला कुणी नव्हतंच. मिस्त्रीने अंगठा काढला आणि जावयाच्या डोळ्यांत डोळे घालून मोठ्याने विचारलं, "थांबलं का?"

"नाही अजून."

जावयाचे ओठ मिटलेले होते.

पाणी मिस्त्रीच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत आलं. गढूळ पाणी. त्यात गवताची एक काडी होती. त्याने नळीकडे पाहिलं. सगळी नळी, खिडकीपासून त्याच्या हातापर्यंत, मातीच्या रंगाची झाली होती.

"बाबा, बाहेर कोण आहे?" लेकीने विचारलं.

"कुणी नाही."

"मग बोललं कोण?"

तो खिडकीकडे पाहत राहिला. 

"नाही अजून," पुन्हा आलं. आता खिडकीच्या अगदी जवळून, कुणीतरी गजांना तोंड लावून बोलावं तसं.

कुणी विचारलं नव्हतं.

मिस्त्रीच्या हातातून टोक सुटलं. ते जिन्यावर पडलं आणि पाणी पायऱ्यांवरून खाली ओघळायच्या ऐवजी सहाव्या पायरीवर चढलं.

"चुकलं माझं," तो जावयाला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "पोरीला घ्या आणि निघा. पाळणा राहू द्या. सगळं राहू द्या. शहरात जा, कुठेही जा. चुकलं माझं, बापू."

 एका हाताने जावयाने बॅगा उचलल्या, दुसरा मिस्त्रीच्या पाठीवर ठेवला. त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. खिडकीखालचा चिखल साफ होता, पावलाची खूण नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं आणि नदी पुन्हा गल्लीत शिरली. लेक-जावई-नात तोवर शहरात पोचली होती. मिस्त्री वरच्या आळीला आपल्या ओट्यावर बसून पाण्याकडे पाहत होता. त्याला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती. नातीचा पाळणा आपण स्वतः तिथे नेऊन ठेवला होता, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

पाणी ओसरल्यावर इंजिनिअरबाईंबरोबर तो रेघा तपासायला निघाला. पंपहाऊसवर पाणी जुन्या खुणेलाच लागलं होतं. घरोघरी लाल रेघेवर गाळाची कड, सुतालासूत. शिंपीणबाईंच्या भिंतीवरही. खिळ्याला नळीचं टोक तसंच होतं, बूच घट्ट.

"मानलं तुम्हाला, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "एकही रेघ चुकली नाही."

लेकीच्या घरात गाळ पाचव्या पायरीपर्यंत होता. सहावी, सातवी, आठवी, नववी पायरी कोरडी. त्यांच्यावर धूळ होती, आणि धुळीत निघताना उमटलेले जावयाच्या बुटांचे ठसे होते. वरच्या खोलीचं दार मात्र ढकलेना. दोघांनी खांदा लावला, तेव्हा फटीतून चिखल बाहेर आला.

खोली गाळाने भरली होती. भिंतींवर पेन्सिलीच्या खुणेपर्यंत पाण्याची तपकिरी कड होती, पाणसळ लावून आखल्यासारखी सपाट, चारी बाजूंनी. खिडकीला आतून कडी होती. पाळणा काठोकाठ भरला होता आणि वरचा गाळ थापीने घोटल्यासारखा गुळगुळीत होता.

 इंजिनिअरबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. "आपण जिन्यापुरतंच लिहू या," त्या म्हणाल्या. मिस्त्रीने मान हलवली. घरी परतल्यावर त्याने ती नळी कापून तिचे तुकडे केले आणि चुलीत जाळले.

दोन महिन्यांनी तो शहरात लेकीकडे गेला. चौथ्या मजल्यावर घर, जावयाने स्वतः बसवलेली लिफ्ट. जावयाने ती सासऱ्याला तीनदा वरखाली करून दाखवली आणि मिस्त्रीने तीनही वेळा तोंडभरून कौतुक केलं. आता त्यांचं सूत जमलं होतं. नदी इथून इतकी लांब होती की गच्चीवरूनही दिसत नव्हती.

"बाबा, हिच्या पाळण्यावर एक फळी ठोकून द्या ना," लेक म्हणाली. नात आता बसायला लागली होती, आजोबाची मिशी ओढायला लागली होती.

फळी नुसत्या नजरेनेही सरळ लावता आली असती. पण मिस्त्रीने नवी नळी आणली होती, आणि ती फळीसाठी आणली नव्हती. एकदा पाहिल्याशिवाय त्याला सुखाने झोप येणार नव्हती. जावई कामावर गेल्यावर त्याने नळी भरली. एक टोक बाल्कनीच्या कठड्याला बांधलं, पाण्याच्या उंचीला तिथल्या भिंतीवर खूण केली. दुसरं टोक झोपायच्या खोलीत आणून पाळण्यामागच्या भिंतीला धरलं. बाल्कनी तिथून दिसत नव्हती. अंगठा काढला. ओठ घट्ट मिटून घेतले. या घरात तो प्रश्न तोंडातून काढायचा नाही, असं त्याने गाडीतच ठरवलं होतं.

पाणी हललं, डचमळलं आणि स्थिर झालं. त्याने खूण केली, पट्टीने जमिनीपासून मोजलं, बाल्कनीत जाऊन तिथलं मोजलं. दोन्ही सारखं, सुतालासूत. पाणी स्वच्छ, काचेसारखं. मिस्त्री पुन्हा पाळण्यापाशी आला, टोक हातात घेतलं आणि त्या दिवसांनंतर पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नात त्याच्याकडे पाहून हसली.

स्वयंपाकघरात लेक भांडी घासत होती. जमिनीवरून गेलेली नळी तिला दिसली असणार. तिला लहानपण आठवलं असणार.

"थांबलं का?" ती हसत हसत ओरडली.

मिस्त्री जागच्या जागी थिजला. त्याने कान टवकारले. नळ वाहत होता, खाली रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता. बाल्कनीतून काही आलं नाही. त्याने मनात दहा आकडे मोजले, मग आणखी दहा. काहीच आलं नाही.

मग त्याने हातातल्या टोकाकडे पाहिलं. पाणी पेन्सिलीच्या खुणेच्या बोटभर वर होतं, आणि गढूळ होतं.